वरच्या खोलीतलं इंग्रजी माध्यम

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायची ठरली, तेव्हा मी एकच अट घातली होती. भाडेकरू बोलका नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवली, पोरांना 'गप्प बसा' म्हणण्यात घसा गेला, आता निवृत्तीनंतर तरी घरात शांतता पाहिजे होती. त्या हिशेबानं येमेनहून आलेला तो मुलगा अगदी आदर्श होता. काहीही विचारलं की नुसती मान हलवायचा. चहा पाहिजे का, मान. पाणी आलं का, मान. पाणी आलेलं नसलं तरी मान.

तो अर्थशास्त्रात एम. ए. करायला आला होता. इंग्रजी माध्यम आणि परवडणारी फी, असं त्यानं नेटवर वाचलं होतं. त्याच वेळी खाली माझी मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन, कोणत्या देशात इंग्रजीतून स्वस्तात पदवी मिळते आणि शिष्यवृत्ती कोण देतं, ते शोधत बसलेली असायची. म्हणजे वरचा जे शोधत इथं आला होता, तेच शोधायला खालची इथून निघाली होती. मी हे तिला बोलून दाखवलं, तर म्हणाली, "आई, तुला नाय कळायचं."

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो खाली आला. डोळे लाल. त्यानं टेबलावर फोन ठेवला आणि वर्गात चोरून केलेलं रेकॉर्डिंग लावलं. आधी सरांचा आवाज आला, चांगला खणखणीत: "टुडे वुई विल डिस्कस द थिअरी ऑफ प्राइस." मग खडूचा आवाज. मग सर म्हणाले, "आता बघा, कांदा."

त्यानंतर तासभर कांदाच होता. वैजापूरच्या मार्केटात आवक वाढली तर काय होतं, व्यापारी काय करतो, कांदा साठवायच्या चाळीत माल ठेवला तर काय, नाही ठेवला तर काय. मी वैजापूरकडचीच, पूर्ण ऐकलं. शिकवणं उत्तम होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. शेवटी सरांनी विचारलं, "समजलं का?" सगळा वर्ग ओरडला, "हो सर!" त्या हो-सरच्या वेळी आपण मान हलवतो, असं त्यानं सांगितलं. जून गेला, पावसाळा गेला, मान हलवणं चालूच होतं.

माझ्या मुलीनं त्याचं इंग्रजी मला मराठीत करून सांगितलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. त्याची शिष्यवृत्ती त्याच्या सरकारची होती. एका विषयात जरी नापास झाला तरी ती बंद. शिष्यवृत्ती बंद म्हणजे फी बंद, फी बंद म्हणजे व्हिसा बंद, आणि मग परत गावी. गावी लढाई चालली होती. धाकट्या भावाला लढायला म्हणून लोक उचलून घेऊन गेले होते, आता आई याच्यासाठी रोज फोन करून एकच विचारत होती, पास होशील ना?

माझं डोकंच फिरलं. मी पदर खोचला आणि चपला शोधायला लागले. म्हटलं, चल, कोण ते सर मला दाखव, इंग्रजी माध्यम म्हणून पोरांना लांबून लांबून बोलवायचं आणि कांदे खाऊ घालायचे! तो दारातच आडवा आला. सरांच्या हातात तोंडी परीक्षेचे मार्क आहेत, असं काकुळतीनं म्हणाला. ऑफिसात तो आधीच जाऊन आला होता. तिथं त्याला सांगितलं होतं की पेपर इंग्रजीत येतो, म्हणजे माध्यम इंग्रजीच. वर्गातली बाकीची पोरं वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडची. सर इंग्रजीत बोलले असते तर त्या सगळ्यांच्या माना हलल्या असत्या. म्हणजे चूक कोणाचीच नव्हती, आणि मला राग काढायला तर कोणीतरी पाहिजे होतं.

तो मी त्याच्यावरच काढला. "उद्यापासून संध्याकाळी खाली यायचं," मी म्हणाले. "मराठी शिकायची."

मुलगी हसून हसून लोळली. "आई, तो इंग्रजीतून शिकायला आलाय!"

"मग शिकू दे की. आधी मराठी शिकंल, मग इंग्रजीतून शिकंल."

"तिकडं असं काय नसतं," ती म्हणाली. तिकडं म्हणजे ती जाणार होती तिकडं.

पहिलीच्या पोरांना शिकवायचे तसंच मी त्याला शिकवलं. दुसरी पद्धत मला येत नाही. चुकला की पुन्हा म्हणायला लावायचे, जांभई दिली की उभं करायचे. तो मला आधी मॅडम म्हणायचा, मग आपोआप बाई म्हणायला लागला. आठवड्याभरातच एक भानगड झाली. मी फळ्यावर लिहिलं अर्ज, तो म्हणाला, हा आमचा शब्द आहे. हिशेब, आमचा. वकील, आमचा. तारीख, मालक, हजर, सगळे आमचे, अरबी. मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई, मला हे जरा लागलं. "असतील तुमचे," मी म्हणाले, "पण इथं राहून राहून आता आमचे झालेत. तूही होशील."

तो शिकला. लई चांगला शिकला, फक्त माझ्यासारखा शिकला. आमच्या बुद्धविहारातल्या बाया म्हणायच्या, तुमचा भाडेकरू बोलतो तर वाटतं तुम्हीच खवळल्या. उन्हाळ्यात मी त्याला एसटीनं वैजापूरला नेलं, कांद्याचा लिलाव दाखवायला. माझा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आलाच होता. यानं त्याला विचारलं, "मामा, भाव काय मिळाला?" भाऊ म्हणाला, "नको विचारू." यानं रांगेतले ट्रॅक्टर पाहिले आणि म्हणाला, "व्हय, आवक लई झाली." भावानं माझ्याकडं पाहिलं. हा कोण, हे विचारायचंही तो विसरला.

लेखी पेपर त्यानं पुस्तकं वाचून नीट सोडवले. राहिली शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. त्या दिवशी मीही गेले. माझं तिथं काही काम नव्हतं. बाहेर बाकावर बसले, दार उघडं होतं. आत त्याचे सर आणि दूर दक्षिणेतून आलेले बाहेरचे परीक्षक, ज्यांना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला, आणि त्यातला 'प्राइस' मला ओळखू आला. मग मला नुसता आतला पंखा ऐकू यायला लागला. मी बाकाची कड घट्ट धरली. अरे बोल ना, मेल्या, तुला येतंय!

आणि तो बोलला. "सर, आवक लई झाली की भाव पडतो. पण कांदा नासतो ना, म्हणून थांबता येत नाय. ज्याच्याकडं चाळ, तो थांबतो. ज्याच्याकडं नाय, तो आजच्या आज विकतो." धडाधडा, एका श्वासात, मराठीत. त्याला ते मराठीतच शिकवलं होतं, मराठीतच आलं.

परीक्षकांनी सरांकडं पाहिलं. सरांनी घाम पुसला आणि भाषांतर केलं. मला इंग्रजी फार कळत नाही, पण भाषांतर मूळ उत्तरापेक्षा बरंच लांब होतं, एवढं कळलं. मग परीक्षक काही तरी कौतुकानं म्हणाले. मला नंतर त्यानंच सांगितलं: परदेशी विद्यार्थ्यांना तुम्ही स्थानिक भाषाही इतकी छान शिकवता, हे वाखाणण्याजोगं आहे. त्यावर सर नम्रपणे म्हणाले होते, "प्रयत्न असतो."

मी बाहेर दातओठ खात बसले होते. पण तो पास झाला. त्या रात्री त्याच्या आईनं व्हिडिओ कॉल केला आणि आम्ही दोघी एकमेकींची भाषा न कळता बराच वेळ रडलो.

त्याच वर्षी मुलीलाही शिष्यवृत्ती मिळाली. पोलंडातलं एक लहान शहर, इंग्रजी माध्यम. नापास झालं तर शिष्यवृत्ती बंद, ही अट तिथंही होती. पहिले काही दिवस ती फोनवर सगळं मस्त आहे म्हणत होती. इतकं मस्त आपल्या घरात कधी नसतं, म्हणून मी विचारलं, "शिकवलेलं समजतं का?"

ती आधी तिथल्या थंडीबद्दल बोलली. मग म्हणाली, "सर पहिली पाच मिनिटं इंग्रजी बोलतात."

"अन् मग?"

"मग बाकीची पोरं हसतात तेव्हा मी पण हसते. सरांनी विचारलं की मान हलवते."

तो गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती.

"घरमालकीण कशी आहे?" मी विचारलं.

"खाली राहते, म्हातारी आहे. लई बोलते गं. जिन्यात गाठून बोलत राहते, मला एक अक्षर कळत नाही."

"फोन ठेव," मी म्हणाले, "अन् तिच्याकडं जाऊन बस."