सासूबाईंची अर्धी बोली

माझ्या सासरी हात दुखत नसे, वरण दुखे. गोळी कुणी घेत नसे, आंबा घेत. डोंबिवलीला खाडीच्या अंगाला जुनं गाव आहे, आता चारी बाजूंनी टॉवरांनी गिळलेलं, तिथं मी साताऱ्याकडून लग्न होऊन आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाई त्यांच्या धाकट्या जावेला म्हणाल्या, "चहात मीठ कमी टाक गं." मी कप हातात घेतला आणि आधी जिभेचं टोक लावून बघितलं. चहा गोड होता. म्हटलं, एक तर हे लोक माझी टर उडवतायत, नाहीतर यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

ती बोली त्या दोघींचीच होती. धाकट्या जावेला, म्हणजे माझ्या चुलतसासूला, सगळे काकी म्हणत. दोघी तरुणपणी डोंबिवलीच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायच्या. गिऱ्हाइकासमोर आपसात बोलता यावं म्हणून गावातल्या बायकांनी यमकं जुळवून ही बोली कधीतरी केलेली. एखादी बाई फारच शहाणी निघाली, घासाघीस करायला लागली, की एक दुसरीला सांगायची, "नारळ आलाय." बाई बिचारी म्हणायची, "नारळ नको हो, मेथीची जुडी द्या."

मी नवऱ्याला विचारलं. "बायकांचं हाय ते, मला नाय येत," म्हणाला आणि पेपरात तोंड घातलं. काकींना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "बाजारात बसल्याबिगर मिलत नाय ती." तसा नियमच होता. सासूनं शिकवायची नाही, सुनेनं विचारायची नाही, पाटीशी बसून कानावर पडेल तेवढी आपली. मी ठाण्याला बँकेत नोकरीला, आणि या दोघींनी भाजी विकणं कधीच सोडलेलं. म्हणजे मला ती कुठल्याच वाटेनं मिळणार नव्हती. आणि माझा स्वभाव असा, की नाही म्हटलं की मला तेच हवं.

दुसऱ्या वर्षी पौषात एका दुपारी काकींनी विचारलं, "आंबा घेतला का?" पौषात कुठला आला आंबा? सासूबाईंनी कनवटीची पुडी सोडली आणि ब्लडप्रेशरची गोळी तोंडात टाकली. मी कपडे वाळत घालत होते. आंबा. आंबापोळी. गोळी. रोजच्या वापरातला जोडशब्द घ्यायचा, त्याचा शेवट हव्या त्या शब्दाशी जुळवायचा, आणि मग तो शेवटच गिळून टाकायचा. वरणभात, हात. मीठभाकर, साखर. नारळपाणी, शहाणी. मी ओल्या चादरीमागे तोंड लपवून हसले. कुणाला सांगितलं मात्र नाही. कळतंय हे त्यांना कळू द्यायचं नाही, यात मला भारी मजा वाटत होती.

मजा महिनाभर टिकली. घरातला नारळ म्हणजे मीच, हे कळल्यावरही मी हसलेच होते. मग एक दिवस वालाच्या शेंगा सोलताना चटई आली. चटई-उशी, कुशी. सासूबाई माझ्या समोर बसून, माझ्या हातातल्या शेंगांकडे बघत काकींना म्हणाल्या, "हिची चटई रिकामीच रानार." काकींनी मान डोलावली आणि तितक्याच शांतपणे, त्याच बोलीत, पोराचं दुसरं लग्न करून द्यायचा विषय काढला. तोवर माझा एकदा गर्भ पडून गेला होता.

मी शेंगा सोलत राहिले. भांडणाला मी कधी मागे हटलेली नाही. पण भांडायचं तर मला कळतं हे कबूल करावं लागणार, आणि मग त्या माझ्यासमोर बोलायच्या बंद होणार. त्या काय बोलतात ते ऐकल्याशिवाय आता मला राहवत नव्हतं. खपली धरली की नख आपोआप तिथंच जातं, तसं झालेलं. अशी सतरा वर्षं गेली. मूल झालं नाही. दुसरं लग्नही झालं नाही.

गेल्या वर्षी काकी गेल्या. तेराव्यानंतर सासूबाई मागच्या ओट्यावर एकट्या बसायला लागल्या. शेजारी काकींचा पाट मांडायच्या, बोलायला तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. मनातलं जे काही होतं ते जन्मभर त्या बोलीतच बोललेल्या, आणि आता ती समजणारं कुणी उरलं नाही असं त्यांना वाटत होतं. जेवण तुटलं. दोन घास खाऊन उठायच्या. मला बघवत नव्हतं. फार प्रेमाचं नातं होतं असं मी म्हणणार नाही, पण इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढल्यावर माणूस आपलं होतंच.

एका दुपारी हात चोळत त्या रिकाम्या पाटाला म्हणाल्या, "वरणं दुखतात गं." मी दारात उभी होते. म्हटलं, पुरे झालं आता. त्यांच्याजवळ फरशीवर जाऊन बसले आणि विचारलं, "आई, आंबा देऊ का?"

मला वाटलेलं, त्या हसतील. जवळ घेतील. वेडीच मी.

त्यांचे हात थांबले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कवापासून समजतं तुला?"

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. काकी आजारी पडल्या तेव्हापासून, परवापासून, काहीही. पण मला अजून शाबासकी हवी होती. मी म्हणाले, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

त्यांचे ओठ हलायला लागले. त्या एकेक वर्ष मागे जात होत्या, आणि कुठल्या वर्षी माझ्या तोंडावर काय काय बोललो ते त्यांना आठवत होतं, हे मला समोर दिसत होतं. मी घाईनं म्हणाले, "आई, मी काही मनात ठेवलेलं नाही." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि उठून आत गेल्या.

ती बोली त्यांच्या तोंडून पुन्हा आली नाही. माझ्याशी अबोला धरला असता तर बरं झालं असतं. पण त्या एकदम सभ्य झाल्या. "मला पाणी देतेस का," "माझा हात दुखतो आहे," असं शाळेच्या पुस्तकातलं बोलायच्या, आणि नजर जमिनीवर. मी विनवण्या केल्या, चिडले, एकदा तर म्हटलं, अहो, त्या बोलीत दोन शिव्या तरी घाला मला. "इसरले गं मी," एवढंच म्हणाल्या. सहा महिन्यांत त्याही गेल्या.

त्यांना फक्त वाईट तेवढं आठवलं. दुसऱ्यांदा गर्भ पडला तेव्हा मी ठाण्याला दवाखान्यात होते आणि रक्त थांबत नव्हतं. मी गुंगीत आहे असं समजून दोघी खाटेशी उभ्या होत्या. सासूबाई रडत होत्या. त्यांच्या बोलीत त्या काकींना म्हणाल्या, नातवंड नको मला, ही पोर तेवढी वाचू दे. मी डोळे मिटून ऐकलं. त्या एका वाक्यावर मी त्या घरात राहिले. हे मी त्यांना सांगणार होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं की सांगू, असं रोज म्हणत राहिले.