बस्त्याची गाठ

मध्यप्रांत व वऱ्हाड हा इंग्रजी अमलातला प्रांत साऱ्या हिंदुस्थानात परवापरवापर्यंत एकाच ठिकाणी शिल्लक होता : भंडाऱ्यात, आमच्या शेजारच्या रेकॉर्डकीपर काकांच्या ओसरीवर. कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये जन्म घालवून काका निवृत्त झाले, पण प्रांत काही त्यांनी सोडला नाही. मला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा "मुंबई इलाख्यात कायले जातं बापू, तिकडचा कायदा येगळा," म्हणून त्यांनी माझ्या आईलाच घाबरवलं. आता मध्यप्रदेशात असलेल्या बालाघाटचं आलं तेव्हा म्हणाले, "आपल्याच प्रांतातली पोरगी हाये, डोये मिटून हो म्हण." मी म्हटलं. अमरावतीचा त्यांचा सख्खा जावईसुद्धा सुटला नाही. "पोरगा लाखाचा, पण वऱ्हाड म्हणजे निजामाकडून पट्ट्यानं घेतलेला मुलूख," असं ते त्याच्या तोंडावर सांगत आणि तो बिचारा मान खाली घालून पोहे खाई. इंग्रजांवर त्यांचं प्रेम होतं असं नाही. साहेबांनी देश लुटला हे त्यांना मान्य होतं. फक्त लुटीची यादी सुवाच्य अक्षरात होती, एवढंच त्यांचं म्हणणं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा काकांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. ती फाळणी त्यांनी मानलीच नाही. गोंदियात दिलेल्या धाकट्या लेकीच्या पत्रावर ते 'जिल्हा भंडारा'च लिहीत आणि पोस्टमन म्हाताऱ्याचा मान राखून पत्र पोचवी. कचेरीतले कागद मात्र वाटावेच लागले. जुन्या साकोली तहसिलीच्या, फडक्यात गाठ मारून बांधलेल्या एका बस्त्यात इकडच्या आणि तिकडच्या गावांचे कागद एकत्र निघाले. गाठ सोडून कागद वेगळे करा, असं साहेब म्हणाले. काका अडून बसले. "जुन्या बंदोबस्तातली, इंग्रजी जमीनमोजणीच्या वेळची गाठ हाये साहेब. मी नाही सोडत." शेवटी वैतागून साहेबांनी अख्खा बस्ताच गोंदियाच्या गाडीत टाकायला लावला आणि काका लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आले.

पुढे काही वर्षांनी दिघोरीहून, म्हणजे भंडाऱ्याकडेच राहिलेल्या काकांच्या मूळ गावाहून, चार शेतकरी ओसरीवर आले. तलावाकाठची जमीन घेतलेल्या नव्या मालकानं तारेचं कुंपण ठोकलं होतं आणि गुरांची पाण्याची वाट बंद झाली होती.

"काका, त्या वाटेचा हक्क वाजिब-उल-अर्जात लिवला हाये म्हणून तुमीच सांगत होते. कागद काढून द्या. ढोरं तहानेनं मरून राहिली."

वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावाच्या वहिवाटीचा जुना दस्त. काकांना तो पान-ओळीसकट पाठ होता, पण तहसीलदाराला पाठांतर चालत नव्हतं, नक्कल हवी होती. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तो कागद त्याच बस्त्यात हाये," ते म्हणाले. "गाठ सोडली असती तं इथंच राहिला असता."

अर्ज लिहायला तेच बसले. 'माननीय जिल्हाधिकारी'पर्यंत अक्षर मोत्यासारखं आलं, मग पेन थांबलं. मला बघवेना.

"काका, जिल्हा भंडाराच टाका. पोचते."

"लेकीचं पत्र पोचते बापू. अर्ज वापस येते."

आणि त्यांनी 'जिल्हा गोंदिया' लिहिलं. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांबरोबर बसने स्वतः गेले. तिथे बस्त्याची ती गाठ कोणालाच सुटेना, तीही त्यांनीच सोडली.

दिघोरीची गुरं आता पाण्यावर जातात. काका मात्र प्रांताचं नाव काढत नाहीत. परवा मी मुद्दाम सांगितलं, धाकट्या भावाला पुण्याचं स्थळ आलं म्हणून. "पोरगी चांगली असंन तं करून टाका," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिला माझ्याहून जास्त लागलं. बालाघाटहून आलेल्या तिला 'आपल्याच प्रांतातली' म्हणणारं या गावात ते एकच माणूस होतं.