चार बोटं उघडी काच

"एकच नियम, सगळ्यांले!" असं म्हणत साहेब जीपची काच चार बोटं खाली करायचे. तेवढ्या फटीतून त्यांना अख्ख्या गावाची बांधकामं दिसत. खाली उतरत नसत, कारण साहेब वाघाला भीत. मोहर्लीच्या जंगलात नोकरी आणि वाघाची भीती, घ्या!

मी त्या भागात घरांचे नकाशे काढून देतो, म्हणून साहेब बांधकामाच्या परवानगीसाठी पाहणीला आले की मी सोबत असायचोच.

रिसॉर्टला मात्र साहेब उतरत. तिथं तारेचं कुंपण होतं, वर लिंबू सरबत. जंगलाला खेटून बांधलेला पोहण्याचा तलाव त्यांनी 'वन्यप्राण्यांसाठी पाणवठा' म्हणून मंजूर केला. कुंपण ओलांडून कोणता प्राणी पोहायला येणार होता, हे विचारायची सोय नव्हती.

त्याच गावातल्या एका म्हाताऱ्या गोंड बाईला घराला लागून फक्त एक संडास हवा होता. नवऱ्याला लकवा. त्याला धरून रोज पहाटे झुडपात न्यावं लागे, आणि तिथं वाघाचे पंजे उमटलेले असत. साहेबांनी फटीतून पाहिलं. अंगणात तिच्या देवाचे दगड मांडलेले होते.

"हे काय बांधून राह्यली? मोकळी जागाच नाई सोडली."

"बांधकाम नाई जी, देव हाय आमचा. खाली उतरून पाहा ना."

"इथूनच दिसून राह्यलं मले."

नामंजूर. मी पुन्हा अर्ज लावला, साहेबांना पुन्हा देवाच्या दगडांत भिंतच दिसली. संडासासाठी खोदलेला पाया तसाच राहिला.

मग एका पाहणीला साहेबांचं पोट बिघडलं. बाईच्या दारापाशी त्यांनी पहिल्यांदाच काच पूर्ण खाली केली.

"बाई, संडास कुठी हाय?"

बाई हसली नाही. तिनं लोटाभर पाणी आणलं, काठी आणली आणि झुडपाकडे बोट दाखवलं.

"तिकडं जा जी. काठी आपटत जा. आम्ही तसेच जातो."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगतो, मलासुद्धा त्यांची कीव आली. काच वर गेली आणि जीप सुसाट रिसॉर्टकडे पळाली.

वाटलं, आता तरी मंजुरी मिळेल. नकारच आला. पुढे साहेबांची बढतीवर बदली झाली, निरोपाचं जेवण त्या पाणवठ्याच्या काठावर झालं. नवे साहेब म्हणतात, आधीच्यांनी नाकारलेलं मी कसं देऊ? नियम एकच हवा.

पायाच्या खड्ड्यात आता गवत वाढलंय. परवा पहाटे बाई दिसली, नवऱ्याला खांद्याशी धरून, काठी आपटत चाललेली. मला पाहून थांबली.

"त्या साहेबाचं पोट बरं झालं का जी?"