ल्यूकच्या बेनचा एनॉक

आमच्या ओव्हरशॉ गावात साइक्स हे आडनाव असणं म्हणजे आडनाव नसल्यातच जमा. यॉर्कशरच्या डोंगरातलं तीनशे उंबऱ्यांचं गाव, त्यातली चाळीस घरं साइक्सांची. नुसते एनॉक साइक्सच चार होते, आणि त्यातले दोघे एकाच गिरणीत, एकाच पाळीला. त्यामुळे आडनाव फक्त पोस्टमनच्या आणि थडगं कोरणाऱ्याच्या कामाचं. एरवी माणूस ओळखायचा तो बापाच्या आणि आजाच्या नावावरून. अनोळखी चेहरा दिसला की आधी विचारायचं, 'तू कुणाचा?' हवापाण्याचं नंतर.

आमचा एनॉक ल्यूकच्या बेनचा. गिरणीत माग दुरुस्त करायचा. गावच्या बँडमध्ये माझ्या शेजारी बसून त्याने तीस वर्षं भलंमोठं पितळी युफोनियम फुंकलं, त्यातली वीस-बावीस तरी सुरात. पण त्याचा खरा जीव आडनावात. साइक म्हणजे दलदलीतून कसाबसा वाट काढणारा ओहोळ. नदी नाही, ओढाही नाही. सातशे वर्षांपूर्वी कुणी सरकारी कारकून आला, त्याला गावात सगळेच जॉन भेटले, तेव्हा वैतागून त्याने एकाला 'ओहोळाजवळचा जॉन' असं लिहून टाकलं. तिथून आपण सुरू झालो, असं एनॉक सांगे. इतक्या अभिमानाने, की जणू त्या कारकुनाला चहा यानेच पाजला होता.

त्या जॉनची पिल्लावळ कुठे कुठे पांगली ते शोधण्यात त्याचे सगळे रविवार गेले. चर्चची जुनी दप्तरं, शेवाळलेली थडगी, परक्या शहरांतल्या टेलिफोनच्या वह्या. बैठकीच्या भिंतीवर जगाचा नकाशा, आणि सापडलेल्या प्रत्येक साइक्ससाठी एक टाचणी. लीड्समध्ये तर टाचण्यांचं जंगल. ओहायोत नऊ, टास्मानियात चार. न्यूझीलंडमध्ये मात्र एकही नाही, कारण न्यूझीलंड कपाटामागे होतं.

"कपाट वीतभर सरकवलंस तर काय बिघडेल?" त्याची बायको एडना विचारायची.

"तिथे जमीन उतरती आहे," एनॉक म्हणायचा.

जमीन सपाट होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. न्यूझीलंडात त्याचा धाकटा भाऊ क्लेमेंट होता. क्लेम कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, अशी वाजवायचा की पाद्री प्रवचन विसरायचा. अठ्ठेचाळीस साली, स्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना, तो खालच्या खोऱ्यातल्या बँडला जाऊन मिळाला. चांगला कॉर्नेटवाला पळवायचा तर त्याला आपल्या गिरणीत मुकादमी द्यायची, हा इकडचा रिवाजच. ते पहिले आले, आम्ही शेवटून दुसरे. त्या रविवारी क्लेम आईकडे जेवायला आला, तेव्हा एनॉकने त्याची खुर्ची अंगणात नेऊन ठेवली होती. क्लेम तसाच परत गेला, आणि वर्षभरात बायकोला घेऊन बोटीत बसला. लोक आमच्याकडे धर्मावरून भांडत नाहीत, बँडवरून भांडतात.

शहात्तरच्या उन्हाळ्यात महिनोन्महिने पाऊस नव्हता. एनॉक भांडी धुतलेलं पाणी कांद्याच्या पातीला घालत होता, तेवढ्यात बसमधून पंचविशीची एक मुलगी उतरून फाटकाशी आली. म्हणाली, मी न्यूझीलंडमधल्या डनेडिनहून आले, माझंही आडनाव साइक्स, आपलं आडनाव कुठून निघालं ते बघायचंय. तिचे कान केसांतून बाहेर डोकावत होते. ल्यूकच्या घराण्याचे कान केसांत मावत नाहीत.

एनॉकने ते पाहिले. आणि जो माणूस दूधवाल्याच्या नव्या घोड्यालाही 'तू कुणाचा' विचारेल, त्याने तिला ते विचारलं नाही. तो बोलत सुटला. कारकून, जॉन, थडगी, ओहायो. एडनाने आल्याचा केक पुढे केला, तोही त्याने मुलीला धड खाऊ दिला नाही. मग दीड मैल चढ चढवून तिला ओहोळ दाखवायला नेलं. ओहोळ कोरडा ठणठणीत. भेगा पडलेल्या चिखलात एक मेंढी उभी होती.

"एरवी इथे पाणी असतं," एनॉक म्हणाला.

मुलगी वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा सांगायचे, लहानपणी त्यांनी आणि त्यांच्या भावाने दगड लावून हा अडवला होता. शेजाऱ्याचे बटाटे बुडाले."

एनॉकने घड्याळ पाहिलं.

"चार दहाची बस आहे," तो म्हणाला. "नंतर थेट सहाला."

ती चार दहाच्या बसने गेली. एडनाने त्या दिवशी त्याच्यासमोर चहा असा आदळला की अर्धा बशीत आला. "तिचे कान मला दिसले, तुला दिसले नाहीत?" एनॉक म्हणाला, दिसले. हे मला त्याने स्वतःच सांगितलं, पण तेही नोव्हेंबरात, पत्र आल्यावर.

पत्र त्या मुलीचं, रूथचं. तिने लिहिलं होतं की बाबा तेव्हा अंथरुणावर होते. त्यांनी एक पाकीट देऊन पाठवलं होतं आणि बजावलं होतं, कुणाची ते आपणहून सांगू नकोस. ओव्हरशॉचा माणूस विचारल्याशिवाय राहत नाही. एनॉकने विचारलं की पाकीट दे. 'घरी पोहोचल्यावर त्यांनी विचारलं, त्याने विचारलं का? मला खोटं बोलता आलं नाही. ते हसले आणि म्हणाले, ओहोळ तरी दाखवला ना. सप्टेंबरात ते गेले. पाकीट मी त्यांच्या कोटाच्या खिशात परत ठेवलं.'

दुसऱ्या दिवशी एनॉकने मला बोलावलं, कपाट सरकवायला. आम्ही म्हातारे दोघे ढकलत होतो आणि एडना सूचना देत होती. कपाट हललं. बाकीचं जग अठ्ठावीस वर्षांच्या उन्हाने आणि कोळशाच्या धुराने पिवळं पडलं होतं. तेवढा एक कोपरा नवाकोरा, समुद्र निळाशार.

एनॉकने चिमटीत टाचणी घेतली.

"आता कुणाची म्हणून टोचू?" तो म्हणाला. "ज्याची टोचायची तो गेला."

"क्लेमची रूथ आहे ना," एडना म्हणाली.

"ल्यूकच्या बेनच्या क्लेमची," एनॉक म्हणाला. टाचणी मात्र त्याच्या चिमटीतच होती. मी घरी जायला निघालो, तेव्हाही.