दोराचं वरलं टोक

पुंजाजी हिवाळे विहिरीत उतरायच्या आधी त्याचा कंदील उतरायचा. देऊळघाटच्या आसपास विहिरीतल्या मोटारी काढणारे, गाळ उपसणारे आणखीही आहेत. कुणी पेटती काडी टाकून बघतो, कुणी तेवढंही बघत नाही. पुंजाजीचा कंदील मात्र एकोणीस वर्षं तोच, काचेला तडा गेलेला, तारेनं आवळलेला. तो पाण्यापर्यंत सोडायचा आणि एक विडी संपेपर्यंत काठावर उकिडवं बसून बघत राहायचं. ज्योत जळत राहिली तर खाली हवा आहे, माणूस जाऊ शकतो. विझली तर सामान आवरून घरी, मालक कितीही बोंबलू दे. "याच्या मधात तिसरं काई नसते," असं तो म्हणायचा.

कंदिलानंतर दुसरा रिवाज. कमरेला दोर बांधण्याआधी वरच्यानं खालच्याला विचारायचं, खालच्यानं वरच्याला, "काई हाय का?" ताप, चक्कर, आदल्या दिवशी घेतलेली, बायकोशी झालेली कचकच, जे असेल ते ओकून टाकायचं. नसलं तर "काई नाई" म्हणायचं आणि मग गाठ मारायची. वर दोर धरायला गोविंदा, अंगानं आडवा, तळहाताला घट्टे पडलेला. खाली जायला पुंजाजी, हडकुळा, दगडांच्या फटीत बोटं रुतवून उतरणारा. कोणी वर राहायचं आणि कोणी खाली जायचं, हे दोघांच्या हाडापेरांनीच ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारीत बुलढाण्याहून येताना रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि पुंजाजी मोटारसायकलवरून पडला. डोक्याला चार टाके. डोक्याचा फोटो काढून घेऊ, खात्री असलेली बरी, असं डॉक्टर म्हणाला. पडल्याचं त्या फोटोत काहीच निघालं नाही. निघालं ते भलतंच. मग औरंगाबादला मोठ्या मशीनमध्ये घातलं, आणि तिथल्या डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं, "मेंदूतल्या रक्ताच्या नळीला बारीक फुगा आहे. मुगाच्या दाण्याएवढा. कधीचा आहे ते सांगता येत नाही. तुम्ही पडला नसता तर कळलंही नसतं."

"फुटते का तो?"

"फुटू शकतो. बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही."

"अन् माहा?"

"ते आज कोणीच सांगू शकणार नाही. ऑपरेशन करण्यात सध्या जास्त धोका आहे. विडी बंद करा, बीपीची गोळी रोज घ्या. सहा महिन्यांनी परत फोटो काढू."

"साहेब, कंदील इझला का जळून राह्यला, तेवढंच सांगा ना."

डॉक्टरला कंदील कळला नाही. त्यानं काम काय करता ते विचारलं आणि ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मग विहिरीत उतरायचं नाही."

घरी आल्यावर बायकोनं, पंचफुलानं, अंगणात उभं राहून ती काळी फिल्म उन्हाकडे धरली. एका फिल्मवर वीसेक फोटो. "हे त गोभी कापून ठेवल्यावानी दिसते. फुगा कुठी हाय?"

पुंजाजीनं बोट ठेवलं.

"काहो, मघाशी त तुमी तिकडं दाखोला होता."

तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या गोजरबाईनं मान काढली. "काय पाहून राह्यली व, पंचफुला?"

"मनक्याचा फोटो हाय, माय. पडले ना हे. कंबर धरली."

फिल्म घरात गेली, कपाटामागं. आणि गावात पुंजाजीची कंबर धरली. खोटं बोलायचं काही ठरलं नव्हतं. पण डोक्यात फुगा आहे म्हणून सांगितलं असतं तर लोकांनी त्याला तेव्हाच पोचवला असता, असं पंचफुलाला वाटलं. खरंही होतं ते.

मग एक वेगळंच जगणं सुरू झालं. शिंक येतेय असं वाटलं की पुंजाजी आधी भिंत धरायचा. वाकायचं नको म्हणून चप्पल बसून घालायचा. कढी तिखट झाली, डोळ्यांत पाणी आलं, की दोघं एकमेकांकडे बघायची. दुपारी त्याचा डोळा लागला की पंचफुला नाकापाशी बोट धरून बसायची.

"मेलो नाई अजून," तो डोळे मिटूनच म्हणायचा.

"माशी हाकलून राह्यली होती मी," ती म्हणायची.

एप्रिलात गोविंदा दारात आला. उत्तमरावांच्या विहिरीतली मोटार गाळात रुतली होती. तो गेल्यावर पंचफुला म्हणाली, "डॉक्टरनं उतरू नोका म्हनलं. दोर धरू नोका असं कुठी म्हनलं? वरतं राहा. हवा हाय, सावली हाय. चाकावरून त ओढाचं."

पुंजाजीला ते पटलं. डॉक्टरनं पुंजाजीचा विचार केला होता, पंचफुलानं पुंजाजीचा विचार केला होता, आणि पुंजाजीनंही.

विहिरीवर गोविंदानं शर्ट काढला. "पुंजाभाऊ, मी उतरतो ते ठीक हाय. पन मले वरतं खेचशीन कसा? तुही कंबर धरेल, अन् मी म्हशीएवढा."

"म्हैस बरी. बडबड त करत नाई."

लाकडी बल्ल्यांवर चाक बसवलं. कंदील सोडला. पुंजाजीनं सवयीनं खिशाला हात लावला, विडी नव्हती. ज्योत जळत राहिली.

"काई हाय का?" गोविंदानं विचारलं.

"काई नाई," पुंजाजी म्हणाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ते खोटं होतं. गोविंदानं गाठ मारली आणि उतरला.

साठ फूट विहीर. तो निम्म्यावर असेल, तेव्हा पुंजाजीच्या डाव्या कानामागं एक ठणका आला. एकच. ऊन असेल. विडीची तलफ असेल. किंवा तोच असेल. त्यानं खाली बघितलं. गोविंदाचं टक्कल चमकत होतं, आणि तो ओरडत होता, "हळू सोड बे! खताचं पोतं सोडून राह्यला का?"

इतकी वर्षं तो ज्या टोकाला होता त्या टोकाला जीव एकट्याचा होता. आज त्याच्या मुठीत दुसऱ्याचा होता.

त्यानं दोर मागं ओढत कडुनिंबाच्या बुंध्याला वळसा घातला. दुसरा घातला. तिसरा घातला. सावलीत मोबाईल बघत बसलेले उत्तमराव म्हणाले, "काऊन थांबला रे?"

"उत्तमराव, दोराले हात लावा."

"मी?"

"लावा म्हनतो ना!" मालकावर असा आवाज त्यानं जन्मात चढवला नव्हता. उत्तमराव उठले.

दोघांनी ओढून गोविंदाला वर घेतलं. पुंजाजीनं त्याला सगळं सांगितलं, फोटोचं, फुग्याचं, कंबरेच्या खोट्याचं. गोविंदा कमरेची गाठ सोडत ऐकत राहिला. गाठ लवकर सुटेना.

"कवापासून म्हाईत हाय?"

"फेब्रुवारीपासून."

"अन् मले काई नाई म्हनला तू. माह्या दोन पोरी हायेत." मग गाठ सुटली तेव्हा, "तू वरतं मरून पडला असता, अन् मी खालून तुले शिव्या देत देत गेलो असतो."

"मी उतरतो," पुंजाजी म्हणाला. "तू धर. पयलेसारखं. खाली झालं त माहं एकट्याचं होईन."

"अन् दोराले मढं लोंबलं म्हंजे? मी काय करू?"

"सोडून देजो."

 कोपर आणि पंजात दोर गुंडाळत गोविंदा गाडीकडे गेला. मोटार आठ दिवसांनी त्यानंच काढली, गजेंद्र नावाचा एक तरणा गडी बरोबर घेऊन.

ऑगस्टात दुसरा फोटो झाला. "तेवढाच आहे, वाढलेला नाही," डॉक्टर म्हणाला.

"मंग फुटत नाई?"

"तसं म्हणता येणार नाही. वर्षानं या."

दिवाळीनंतर विहिरींची कामं लागली, तेव्हा गोविंदा पुन्हा दारात आला. आत आला नाही. "कंदील दे. गजेंद्र काडी टाकून पाह्यते, मले भेव लागते."

"कंदील देत नाई," पुंजाजी म्हणाला. "मी येतो त्याच्यासंगं."

आता तिघं जातात. गजेंद्र उतरतो, गोविंदा धरतो, पुंजाजी फक्त कंदील सोडतो. तो काठावर बसण्याआधी गोविंदा त्याच्या कमरेला जुना दोर बांधतो आणि दुसरं टोक झाडाला. आधी गजेंद्रला विचारतो, मग गाठ ओढता ओढता पुंजाजीलाही.

"काई हाय का?"

"हाय," पुंजाजी म्हणतो.

"बरं. लय वाकू नोको." गोविंदा गाठ एकदा हिसका देऊन बघतो. पुंजाजी कंदील खाली सोडत राहतो, आणि ज्योत बघून झाल्यावरही बराच वेळ वर ओढत नाही.