मधे बोलायचं नाही

मुलांना घरी वाचायला शिकवणाऱ्यांकडे किस्से साठतात, ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात तसे. उपयोग काही नसतो, पण टाकवत नाहीत. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर शनिवारी कुणाच्या तरी घरी मुलं जमून मोठ्याने वाचायची. नियम एकच, मूल अडलं तर मोठ्यांनी मधे बोलायचं नाही. पुण्यात हे किती अवघड आहे, ते मी सांगायला नको.

*

सगळ्यात जड गेलं अण्णांना, म्हणजे मुक्ताच्या आजोबांना. त्यांची अख्खी नोकरी नारायण पेठेतल्या छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. चूक दिसली की पेन्सिल टेबलावर आपटायचे, टक्. नातीलाही तेच.

मुक्ताने वाचलं, "रवार झाडावर चढली."

टक्. "खार," अण्णा म्हणाले.

"पण इथे र आणि व आहे."

अण्णांनी चष्मा लावून पाहिलं. पुस्तक जुनं, त्यातल्या ख चे दोन तुकडे सुटे पडलेले. "चूक छापणाऱ्याची आहे," ते म्हणाले. "तरी तू खारच वाच."

*

नियम खरा पाळला नसरीनने. तिच्याकडे शनिवार होता. तिचा अयान एका शब्दावर अडला, 'घू' म्हणावं की 'धू' ते ठरेना. आत गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, करपलं, वास बाहेर आला. नसरीन ओठ मिटून बसलेली.

अयानने नाक वर करून हुंगलं आणि वाचलं, "धूर."

"शाब्बास," म्हणत नसरीन आत पळाली. पातेलं गेलं ते गेलंच.

*

इकडे मुक्ताने अण्णांसमोर वाचणं बंद केलं. दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटाला वाचून दाखवायची. मला ते फार लागलं. मी अण्णांना म्हटलं, "शनिवारी तुम्ही गॅलरीत बसत जा."

"बाई, मला माझ्याच घरातून हद्दपार करताय?"

"घरातून नाही. तिच्या वाक्यातून."

ते गॅलरीत गेले. मी चहा द्यायला गेले तर काचेआड बसून पेन्सिल गुडघ्यावर आपटत होते, आवाज होऊ नये म्हणून. "उद्या वर्गात हिला कुणी हसू नये, एवढंच आहे हो," म्हणाले. डोळे भरले होते. त्या संध्याकाळी त्यांनी ती पेन्सिल मुक्ताला देऊन टाकली.

पुढच्या शनिवारी तिने त्यांच्यासमोर अख्खी गोष्ट वाचली. अण्णा हाताची घडी घालून बसले होते, कपाळावर घाम.

"किती चुकलं?" तिने विचारलं.

"लक्ष नव्हतं माझं," अण्णा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असतील.

*

दिवाळीनंतर अण्णांना झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. माणसं ओळखायचे, नाव ओठांवर येत नसे. सकाळी पेपर मात्र हातात लागायचा. तो उलगडून तसेच बसायचे आणि रडायचे. मला ते बघवायचं नाही. दोनदा मी भेटायला म्हणून जाऊन जिन्यातूनच परत आले.

डॉक्टरांनी सांगितलं, घरी त्यांच्याकडून लहान मुलांची पुस्तकं वाचून घ्या, मोठ्याने.

*

मग शनिवार पुन्हा त्यांच्याकडे ठेवला. मुक्ताने तेच जुनं पुस्तक काढलं. अण्णांची पेन्सिल तिने त्यात खूण म्हणून ठेवली होती. ती काढून टेबलावर ठेवली, त्यांच्या शेजारी बसली आणि पहिल्या शब्दाखाली बोट धरलं.

अण्णांचा जबडा हलत होता. आवाज येत नव्हता. नसरीनने ओढणी तोंडाला लावली. काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, राहवेना.

"अहो, खा..."

"आजी, मधे बोलायचं नाही," मुक्ता म्हणाली.

आम्ही सगळे बसून राहिलो. बऱ्याच वेळाने अण्णांच्या तोंडून आलं, "र... वा... र."

"बरोबर," मुक्ता म्हणाली आणि तिने बोट पुढच्या शब्दाखाली सरकवलं.

अण्णांनी डाव्या हाताने टेबल चाचपलं. पेन्सिल सापडली.

टक्.