श्यामकांतची बढती

श्यामकांत गोंधळेकरवर लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आमच्या मराठी मंडळाला सांगून पाहिलं. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा, एवढंच. त्याला काय आवडायचं, कोणी मुलगी होती का, मला माहीत नाही. पण त्याला ओळखणारे बाकीचे गेले, म्हणून पाळी माझ्यावर आली.

इंटर सायन्सला दोनदा आपटल्यावर तो सैन्याच्या वैद्यकीय दलात शिपाई झाला. काम जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं. पण कलकत्त्यातल्या मूठभर मराठी माणसांना घरचा डॉक्टर हवाच होता. तो रजेवर आला की बायका गुडघे घेऊन यायच्या. तो गंभीर चेहऱ्याने गुडघा दाबायचा आणि सगळ्यांना एकच औषध सांगायचा, पाणी पीत जा. बऱ्याच जणींना गुण आला.

सहासष्टच्या गणपतीत कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडून आणलेल्या मूर्तीचा हात जिन्यात आपटून तडकला. मूर्ती बदलायची की नाही, यावर मंडळात मोठा वाद झाला. तो चालू असतानाच श्यामकांतने गणपतीच्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. आमचे अध्यक्ष सदाशिवराव भडकले, खंडित मूर्ती पुजायची नसते म्हणाले. श्यामकांत म्हणाला, "खंडित कुठे? उपचार चालू आहेत." शेजारचे बंगाली मुद्दाम दर्शनाला आले. ट्रामखाली सापडला का, असं एकाने भक्तिभावाने विचारलं.

त्याच वर्षाअखेर त्याची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गाझाला निघाली. वडील नव्हते, आईचे पाय सुजलेले. माझ्या बँकेला सुट्टी होती, म्हणून मी हावड्याला पोचवायला गेलो. पुढच्या जूनमध्ये तिकडे लढाई पेटली आणि तोफेच्या एका गोळ्यात तो गेला. तार आली तेव्हा तो पंचवीसचाही नव्हता.

मंडळाने शोकसभा ठेवली. आमच्यातला पहिलाच हुतात्मा, त्यामुळे कुठे काही कमी पडू द्यायचं नव्हतं. फळ्यावर त्याला हवालदार लिहिलं होतं. पहिल्या वक्त्याने सुभेदार केलं. सदाशिवराव उठले तोवर तो कॅप्टन झाला होता आणि शत्रूवर तुटून पडला होता. अजून दोन वक्ते बाकी होते. मला वाटलं, हा आता जनरल होऊनच थांबणार.

तेवढ्यात त्याची आई, कालिंदीमावशी, पहिल्या रांगेतून उठली.

"तो कुणावर तुटून पडला नाही. शिपाई होता, पट्ट्या बांधायचा. झुरळाला भ्यायचा."

सदाशिवराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, आम्ही त्याचा मान वाढवतोय."

"वाढवा. पण माझा मुलगा आहे तेवढाच मला परत द्या. तुमचा कॅप्टन मी कधी बघितलेलाही नाही."

मग ती मागे वळली. मी शेवटच्या खुर्चीवर, खांबाआड बसलो होतो. तरी तिने मला शोधलं.

"आपल्यातला तू शेवटचा बोललास त्याच्याशी. काय म्हणाला ते सांग. त्यात तुझं काही घालू नकोस."

चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शिवाय जे सांगायचं ते शोकसभेत सांगण्यासारखं नव्हतं. सदाशिवराव जवळ येऊन कानात म्हणाले, देशाबद्दल काहीतरी बोललाच असेल, आठवून बघा. मी आठवून पाहिलं. नव्हता बोलला.

शेवटी जसं झालं तसं सांगितलं. सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला. कालिंदीमावशी तोंडाला पदर लावून हसली, तारेनंतर पहिल्यांदाच, आणि म्हणाली, "हा माझा श्याम." उरलेल्या वक्त्यांनी आपापले कागद खिशात घातले.

मी सांगितलं ते एवढंच. गाडी सुटायला आली होती, तो खिडकीत होता, मी फलाटावर.

"आईचं लोणचं गळतंय रे."

"मग बरणी वर ठेव."

"वर मेजरसाहेबांची ट्रंक आहे. तिच्यावर गळलं तर?"

"मग मांडीवर घे."

"पँट इस्त्रीची आहे."

"मग भोग."

"बरं, तू नीघ आता. पुलावर गर्दी व्हायच्या आत बस पकड."